बाथरूमच्या दारात बोट अडकलं!

दुबई-शारजात बांधकामावर राबणाऱ्या माणसासाठी सगळ्यात धोक्याची जागा कोणती? तुम्ही म्हणाल चाळिसावा मजला, स्कॅफोल्डिंग, टॉवर क्रेनच्या खालची जागा. चूक. सगळ्यात धोक्याची जागा म्हणजे कॅम्पचं बाथरूम. आमच्यासारख्यांनी इमर्जन्सीच्या काउंटरवर सांगून लिहून घेतलेले कागद वाचले तर तुम्हाला हेच पटेल. कोणी बाथरूममध्ये घसरून पडलेला असतो, कोणाचं बोट बाथरूमच्या दारात चिरडलेलं असतं, कोणाच्या डोळ्यात आंघोळ करताना काहीतरी गेलेलं असतं. साइटवर मात्र कोणालाच काही होत नाही. गेटवर हिरवा बोर्ड लावलेला असतो: इतके लाख तास, एकही अपघात नाही.

हे बाथरूमचं दार मी स्वतः एका पोराच्या कागदावर लिहायला लावलंय. त्या रात्रीबद्दल आजवर मी कुठे लिहिलं नव्हतं. आता कंपनी बदलली आहे, आणि गप्प बसून काय होतं तेही बघून झालंय. म्हणून लिहितोय.

ऑगस्ट महिना होता. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२.३० ते ३ उन्हात काम बंद ठेवावं लागतं, त्यामुळे आमच्या साइटवर बरंच काम रात्री चालायचं. साधारण सव्वानऊची वेळ. स्लॅबवर स्टील चढवणं सुरू होतं. क्रेनने १६ एमएम सळ्यांचा बंडल खाली घेतला. तो जरा फिरला. शिवा हाताने सरळ करायला गेला आणि तेवढ्यात बंडल टेकला. डाव्या हाताची अंगठ्याजवळची दोन बोटं सळ्या आणि लाकडी स्लीपरच्या मध्ये सापडली.

शिवा हे त्याचं खरं नाव नाही. जत तालुक्यातला पोरगा, वय चोवीस, स्टील फिक्सर. इथे येऊन चार महिने झाले होते, म्हणजे प्रोबेशन चालू होतं. त्या गँगमध्ये मराठी असे आम्ही चौघंच, म्हणून तो मला साहेब न म्हणता दादा म्हणायचा.

आधी माझी चूक सांगतो, म्हणजे पुढचं बोलायला तोंड राहील. बंडलला टॅग लाइन, म्हणजे लांबून धरून फिरवायची दोरी, बांधलेली नव्हती. ती बांधलीय का हे बघणं माझं काम. शिवाच्या हातातले ग्लोव्हज फाटलेले होते. नव्यासाठी मी स्टोअरला दोनदा कागद पाठवला होता, पण माल आला नाही तरी काम थांबवलं नाही. तेही माझंच.

मी ९९८ ला फोन लावायला मोबाइल काढला. फोरमन म्हणाला, "थांब. ॲम्ब्युलन्स आली की पोलीस येणार, पोलीस आले की काम बंद. आधी मंदूबला विचार." मंदूब म्हणजे कंपनीचा पीआरओ, तुम्हाला वेगळं सांगायला नको. मंदूबने फोन उचलला आणि म्हणाला, पिकअपमध्ये घालून क्लिनिकला न्या. मग शिवाच्या हाताला फर्स्ट-एड बॉक्समधली पट्टी गुंडाळली, पिकअपच्या पुढच्या सीटवर त्याला बसवला आणि निघालो. रस्ताभर तो एवढंच विचारत होता, "दादा, बोट राहील ना?"

क्लिनिक कंपनीच्या नेटवर्कमधलं होतं. तिथे रात्री एक्स-रे नव्हता. त्यांनी पट्टी उघडून बघितली, परत बांधली आणि सांगितलं, हे आमचं काम नाही, हॉस्पिटलला न्या. यात पाऊण तास गेला. हॉस्पिटलच्या इमर्जन्सीच्या दारात पोचलो तेव्हा अकरा वाजायला आले होते. शिवाच्या अंगावर अजून साइटचं जॅकेट होतं, बुटाला सिमेंट होतं, आणि पट्टीतून रक्त गळून पँटवर वाळलं होतं.

काउंटरवरच्या बाईने हाताकडे बघितलं नाही. तिने बताका मागितला. शिवाचा बताका कॅम्प बॉसकडे होता, कसल्यातरी कामासाठी सगळ्यांचे जमा केले होते. फोटो आहे का? शिवाच्या मोबाइलमध्ये होता, पण मोबाइल साइटवरच्या पिशवीत राहिला. मग मी टाइमकीपरला उठवलं, त्याने यादीतून नंबर काढून पाठवला. मग तिने इन्शुरन्स बघितला. म्हणाली, "हे कार्ड आमच्याकडे थेट चालत नाही. मंजुरी घ्यावी लागेल. तोपर्यंत डिपॉझिट भरा, १,५०० दिरहम." महिनाअखेर होती. माझ्या कार्डावर तेवढे नव्हते. दोन मित्रांना फोन करून पैसे मागवले. या सगळ्यात तास गेला. फाइल उघडली नव्हती म्हणून दुखणं थांबवायचं इंजेक्शनही नव्हतं.

इथे हॉस्पिटलच्या बाजूनेही एक गोष्ट बोलतो. इमर्जन्सीत नंबर आल्याच्या क्रमाने लागत नाही. ज्याचा जीव जातोय तो आधी, बोट चिरडलेला नंतर. त्या रात्री दोन माणसं उन्हाचा तडाखा बसलेली आली आणि एकाच्या छातीत दुखत होतं. ते आमच्या पुढे आत गेले, ते बरोबरच होतं. मी त्यावर भांडत नाही. पण कोण किती गंभीर आहे हे नर्सने बघून ठरवायचं असतं. आमचा हात कोणी उघडून बघायच्या आत आमचं कार्ड तीन वेळा बघून झालं होतं. माझा राग त्यावर आहे.

आणि मग तो प्रश्न आला. "कुठे लागलं?"

त्याच्या पाचच मिनिटं आधी मंदूबचा फोन येऊन गेला होता. त्याचे शब्द असे: "रूमचा ॲक्सिडेंट बोल. बाथरूमच्या दारात अडकलं म्हण. नाहीतर कार्ड चालणार नाही आणि तुझ्या माणसाला रात्रभर कोणी हात लावणार नाही. बाकी खल्ली वल्ली, मी बघतो."

मी समोर बघितलं. शिवा खुर्चीत हात वर धरून बसला होता, ओठ पांढरे पडलेले. मला वाटलं, आत्ता उपचार होऊ दे, कागदाचं मागून बघू. मी म्हणालो, "कॅम्पमध्ये. बाथरूमच्या दारात बोट अडकलं." बाईने टाइप केलं. दहा सेकंदांचं काम होतं.

दीड वाजता डॉक्टरांनी हात उघडला. जखमेत गंज होता, सिमेंट होतं. डॉक्टर म्हातारे होते, त्यांनी माझ्या हेल्मेटकडे बघितलं, शिवाच्या जॅकेटकडे बघितलं आणि मोडक्या हिंदीत थेट शिवाला विचारलं, "काम पे लगा?" शिवाने माझ्याकडे बघितलं. मी काहीच बोललो नाही. तो म्हणाला, "दरवाजे में." डॉक्टरांनी मान हलवली आणि लिहिलं, रुग्णाच्या सांगण्यानुसार राहत्या जागी दारात बोट अडकून दुखापत.

त्या डॉक्टरांना खरं काय ते कळलं होतं, याबद्दल मला शंका नाही. पण ते तरी काय करणार? मी बाजूलाच उभा होतो.

मधल्या बोटाचं हाड मोडलं होतं, ते जुळलं. पहिल्या बोटाचं टोक दुसऱ्या दिवशी ऑपरेशन करून काढावं लागलं. डॉक्टर म्हणाले, लवकर आला असता तरी ते टोक वाचलं असतंच असं नाही, पार चिरडलं होतं. म्हणजे बोट क्लिनिकच्या फेऱ्यात गेलं असं मी म्हणणार नाही. पण बाकीचं सगळं त्या दहा सेकंदांत गेलं. काय काय गेलं ते ऐका.

यूएईचा लेबर लॉ, म्हणजे २०२१ चा ३३ नंबरचा कायदा, २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू आहे. त्याचं ३७ वं कलम कामावरच्या दुखापतीबद्दल आहे. माणूस बरा होऊन कामावर येईपर्यंत किंवा अपंगत्व ठरेपर्यंत उपचाराचा खर्च मालकाचा. उपचार चालू असताना सहा महिन्यांपर्यंत पूर्ण पगार, त्यानंतरही बरा झाला नाही तर आणखी सहा महिने अर्धा पगार. कायमचं काही गेलं, बोट असो, हात असो, डोळा असो, तर त्याची भरपाई ठरलेल्या तक्त्याप्रमाणे. माणूस गेला तर घरच्यांना २४ महिन्यांचा बेसिक पगार, १८,००० दिरहमपेक्षा कमी नाही आणि २ लाखांपेक्षा जास्त नाही. आणि यात प्रोबेशनवाला आणि जुना असा फरक नाही.

आता बाथरूमच्या दाराचा हिशोब बघा. दारात बोट अडकलं म्हणजे साधं आजारपण. त्याला लागतं ३१ वं कलम. त्यात वर्षाला ९० दिवसांची सुट्टी मिळते, पहिले १५ दिवस पूर्ण पगार, पुढचे ३० दिवस अर्धा, उरलेले बिनपगारी. आणि तेसुद्धा प्रोबेशन संपलं असेल तर. प्रोबेशनमध्ये आजारपणाच्या सुट्टीचा पगार मिळत नाही.

शिवा सात आठवडे कॅम्पच्या खाटेवर होता. मिळालं शून्य. त्याचा पगार सगळा मिळून १,२०० दिरहम, म्हणजे जवळजवळ दोन हजार दिरहम गेले. तपासण्या आणि औषधांचे २० टक्के त्याच्या खिशातून, कारण कार्डाचा तो नियम. आणि मी उसने आणून भरलेलं ते डिपॉझिट? कंपनीने मला परत दिलं, मी मित्रांना दिलं. मग कंपनीने ते शिवाच्या नावावर ॲडव्हान्स म्हणून टाकलं आणि तो कामावर आल्यावर पगारातून कापायला सुरुवात केली. स्वतःचं बोट कंपनीच्या सळ्यांखाली देऊन त्याचे पैसेही त्यानेच भरले. इकडे गावी बापाने पतसंस्थेतून उचललेल्या कर्जाचे दोन हप्ते थकले.

पुढे आणखी झालं. स्टील फिक्सरला डाव्या हाताने वायर धरून उजव्या हाताने पक्कड फिरवावी लागते. शिवाला पूर्वीसारखी वायर धरता येईना. दिवसाला जेवढ्या गाठी इतरांच्या, त्याच्या निम्म्या. प्रोबेशनमध्ये १४ दिवसांची लेखी नोटीस देऊन माणूस काढता येतो. सहा महिने पुरे व्हायच्या आत त्याला नोटीस मिळाली. कारण लिहिलं होतं, काम समाधानकारक नाही.

आता विचारा, कंपनी असं का करते? सगळे मालक राक्षस असतात म्हणून नाही. यामागे साधा धंद्याचा हिशोब आहे, आणि तो आपल्याला कळलाच पाहिजे.

पहिली गोष्ट, कार्ड. हेल्थ इन्शुरन्स आता इथे सगळीकडे सक्तीचा आहे. अबू धाबीत तो आधीपासून आहे, दुबईत २०१३ च्या कायद्याने टप्प्याटप्प्याने आला, आणि १ जानेवारी २०२५ पासून शारजा, अजमानसह उरलेल्या अमिरातींमध्येही खाजगी कंपन्यांच्या कामगारांसाठी आला. त्याचा हप्ता मालकाने भरायचा असतो, आपल्या पगारातून कापता येत नाही. चांगलं आहे. पण दुबईच्या मूळ पॅकेजमध्ये कामावरची दुखापत बसतच नाही, कारण तो खर्च लेबर लॉने थेट मालकावर टाकलेला आहे. त्यासाठी कंपन्या वेगळी पॉलिसी घेतात. ती पॉलिसी वापरायची म्हणजे अपघात झाला हे लिहून द्यायचं, मंत्रालयाला कळवायचं, चौकशीला सामोरं जायचं. त्यापेक्षा बाथरूमचं दार स्वस्त पडतं. मंदूब खोटं बोलत नव्हता, "नाहीतर कार्ड चालणार नाही" हे खरंच होतं. त्याने फक्त पुढचं अर्धं सांगितलं नाही. कार्ड चाललं नसतं, तर सगळे पैसे कंपनीने भरायचे होते.

दुसरी गोष्ट, तो हिरवा बोर्ड. नवं काम मिळवताना कंपनीला मागच्या कामांवरच्या अपघातांचे आकडे दाखवावे लागतात. एक दिवसही कामावर येऊ शकणार नाही अशी जखम झाली की बोर्डावरचे तास परत शून्यापासून सुरू. म्हणून जखमा साइटवर होऊ द्यायच्या आणि कॅम्पमध्ये लिहायच्या. बोर्डावर जेवढे लाख तास दिसतात, त्यात किती बोटं पुरली आहेत हे फक्त आपल्यालाच माहीत असतं.

आता माझ्या जातभाईंना, म्हणजे सुपरवायझर, फोरमन, टाइमकीपर, सेफ्टीवाल्यांना बोलतो. आपण डिप्लोमा केला, इंग्रजी मेल लिहितो, म्हणून कंपनी आपल्याला माणसांबरोबर हॉस्पिटलला पाठवते. मदतीला पाठवते असं आपल्याला वाटतं. खरं म्हणजे आपल्याला तोंड म्हणून पाठवते. त्या काउंटरवर आपण ज्याच्या शेजारी उभे असतो त्याची भाषा आपल्याला येते, त्याचा आपल्यावर विश्वास असतो, आणि त्याचाच आपण उपयोग करतो. मला म्हणाल, "नोकरी आहे, काय करणार?" मलाही नोकरी होती. मीही हेच म्हणालो होतो. पण हिशोब करा. खरं बोललो असतो तर मला मंदूबच्या चार शिव्या पडल्या असत्या, फार तर बदली झाली असती. खोटं बोललो त्याची किंमत शिवाने भरली. दुसऱ्याच्या बोटावर आपली नोकरी सांभाळायची असेल तर निदान त्याला "मदत" म्हणू नका.

हॉस्पिटलवाल्यांनाही सांगायचं आहे. तुमच्यातल्या बऱ्याच नर्स केरळच्या आहेत, हिंदी समजते. अंगावर साइटचं जॅकेट, बुटाला सिमेंट आणि जखमेत गंज घेऊन माणूस आला, सोबत कंपनीचा माणूस असेल, तर त्या कंपनीच्या माणसाला दोन मिनिटं बाहेर उभं करा आणि जखमीला एकट्याला विचारा. एवढंच. त्या रात्री मला कोणी "तू बाहेर थांब" म्हटलं असतं, तर मी थांबलो असतो. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं असतं.

आणि आता तुम्हाला, भावांनो. तुमची भीती मला ठाऊक आहे. कंपनी काढून टाकेल. शिवा खोटं बोलला, तरी त्याला काढलंच. साहेब सांभाळून घेतील. साहेबाने काय सांभाळलं ते वर वाचलंत. तुझीच चूक होती म्हणतील, पैसे मिळणार नाहीत. हे नीट ऐका, कारण याच धमकीवर सगळ्यात जास्त लोक गप्प बसतात. ३८ वं कलम सांगतं की भरपाई कधी नाकारता येते: माणसाने स्वतःला मुद्दाम इजा करून घेतली, दारूच्या किंवा नशेच्या अमलाखाली होता, किंवा दिसेल अशा जागी लावलेले सुरक्षेचे नियम त्याने जाणूनबुजून मोडले, असं सिद्ध झालं तर. घाईत हात पुढे गेला, बंडल फिरला, फाटके ग्लोव्हज मिळाले, याला जाणूनबुजून म्हणत नाहीत. आणि हे ठरवणं मंदूबचं काम नाही.

मग करायचं काय? मी शिकलो ते सांगतो.

जखम मोठी असेल तर ९९८. फोरमनला विचारत बसू नका. एखादा अवयव तुटून वेगळा झाला असेल तर तो स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. थेट बर्फावर ठेवू नका, मांस खराब होतं.

"कुठे लागलं?" या प्रश्नाचं उत्तर जखमी माणसाने स्वतः द्यायचं. एक वाक्य पाठ करा: "काम पे लगा, साइट पे." इंग्रजीत "वर्क इंजुरी". अरबी माणूस समोर असेल तर "इसाबत अमल". हे तीन शब्दप्रयोग कॅम्पमधल्या प्रत्येकाला आले पाहिजेत. कामावर जाता-येता कंपनीच्या बसला अपघात झाला, तरी तीही कामावरचीच दुखापत धरतात. तेव्हाही हेच सांगायचं.

बताका, व्हिसा, इन्शुरन्स कार्ड, तिन्हींचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि एका मित्रालाही पाठवून ठेवा. जखम झाली त्या जागेचा फोटो लगेच काढायला सांगा, काम परत सुरू व्हायच्या आधी. कोण कोण बघत होतं त्यांची नावं आणि वेळ लिहून ठेवा. हॉस्पिटलमधून मिळालेल्या प्रत्येक कागदाचा फोटो काढा आणि कोणाकडून तरी वाचून घ्या. "राहत्या जागी" असं लिहिलेलं दिसलं तर तिथल्या तिथे डॉक्टरला सांगा, चूक आहे, दुरुस्त करा. समजत नाही अशा कागदावर अंगठा किंवा सही नाही, मग तो कितीही प्रेमाने पुढे केलेला असो.

कंपनी ऐकत नसेल तर मंत्रालयाचा कामगार तक्रार नंबर ८००८४. भारतीय कामगारांसाठी दुबईच्या वकिलातीचं प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे, नंबर ८०० ४६३४२, फोन फुकट, हिंदीत बोलता येतं. प्रकरण कोर्टात गेलं तरी १ लाख दिरहमपर्यंतच्या दाव्याला कामगाराला कोर्टाची फी लागत नाही. "कोर्टात जायला पैसे कुठून आणणार" हे कोणी तुम्हाला घाबरवायला सांगत असेल, तर त्याला हे वाक्य ऐकवा.

शिवाचं पुढे काय झालं ते सांगून थांबतो. नोटीस मिळाल्यावर तो माझ्या खोलीवर आला. मी तक्रार लिहायला बसलो आणि सोबत माझी साक्षही लिहिली: अपघात साइटवर झाला, मी तिथे होतो, खोटं मी सांगितलं. साइटच्या ग्रुपवर त्या रात्री कोणीतरी टाकलेला सळ्यांचा फोटो जोडला. समेटाच्या वेळी कंपनीच्या माणसाने एकच कागद टेबलावर ठेवला, हॉस्पिटलचा पहिला कागद. "रुग्णाच्या सांगण्यानुसार राहत्या जागी." माझी साक्ष नंतरची, तो कागद त्याच रात्रीचा. शिवाला कोर्टात जायचा धीर नव्हता, घरून रोज फोन येत होते. शेवटी कापलेलं डिपॉझिट परत मिळालं, विमानाचं तिकीट मिळालं. बोटाचे पैसे मिळाले नाहीत. पुढे काही महिन्यांनी माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं नाही, ते त्या साक्षीमुळे की कशामुळे, मी विचारायला गेलो नाही.

एअरपोर्टला सोडायला गेलो तेव्हा मी त्याची माफी मागितली. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "दादा, तुम्ही सांगितलं म्हणून मी बोललो. मला वाटलं, तसंच म्हणायचं असतं."

तसं म्हणायचं नसतं. आज रात्री जेवायला बसाल तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या नव्या पोराला, ज्याला येऊन महिनाही झाला नाही त्याला, हे सांगा. जखम झाल्यावर सांगून उपयोग नाही. तेव्हा शेजारी माझ्यासारखा कोणीतरी उभा असतो.